शंका-समाधान : तीन फेजमधले हार्मोनिक्स आणि असमतोल

या वेळी विद्युतवितरणाविषयी आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी आढळली. हार्मोनिक्सबद्दल, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पटींतल्या वारंवारितांच्या घटकांबद्दल, विचारणारे वाचक तिन्ही फेज समतोल आहेत असे धरून चालतात, आणि असमतोलाबद्दल विचारणारे वाचक तरंग शुद्ध साइन आहे असे धरून चालतात. कारखान्यांतले तपासणी अहवालही याच सवयीने लिहिलेले असतात. हार्मोनिक्सचे एक पान, असमतोलाचे दुसरे, आणि त्या दोन पानांची एकमेकांशी ओळख नसते. खालच्या प्रश्नांपैकी निम्म्यांचा घोळ नेमका तिथे आहे. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत आणि उत्तरे क्रमाने वाचावीत अशी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयीन इमारतीत बहुतेक भार संगणकांचा आणि एलईडी दिव्यांचा आहे. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजमध्ये प्रत्येकी सुमारे २४ अँपिअर प्रवाह दिसतो, म्हणजे भाराची वाटणी चोख आहे. तरीही न्यूट्रलमध्ये ३६ अँपिअर दिसतात आणि न्यूट्रलची तार बरीच तापते. समतोल भारात न्यूट्रलचा प्रवाह शून्य असतो असे आम्ही शिकलो. मीटरवर विश्वास ठेवावा की पाठ्यपुस्तकावर?

उत्तर : दोन्हींवर ठेवावा. पाठ्यपुस्तकातले विधान मूळ वारंवारितेपुरते, म्हणजे ५० हर्ट्झच्या शुद्ध साइन प्रवाहापुरते खरे आहे. संगणक आणि दिव्यांच्या आतला रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) मात्र साइन प्रवाह घेत नाही. व्होल्टेज शिखराजवळ असतानाच तो प्रवाहाचा एक टोकदार झटका ओढतो. अशा प्रवाहाचे पृथक्करण केले तर मूळ घटकाबरोबर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम गुणज निघतात. तुमच्या आकड्यांशी जुळणारे उदाहरण घेऊ. प्रत्येक फेजमध्ये मूळ घटक २० अँपिअर, तिसरा हार्मोनिक १२ अँपिअर आणि पाचवा ६ अँपिअर असेल, तर एकूण परिणामी (आरएमएस) प्रवाह या तिघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे २४.१ अँपिअर येतो. मूळ घटक आणि पाचवा हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडतात. तिसऱ्याचे तसे होत नाही. दोन फेजमधले १२० अंशांचे अंतर तिसऱ्या हार्मोनिकसाठी तिप्पट होऊन ३६० अंश होते, म्हणजे अंतर उरतच नाही, आणि तिन्ही फेजचे बारा-बारा अँपिअर एका सुरात न्यूट्रलमध्ये येऊन ३६ अँपिअर होतात.

तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे न्यूट्रलची जाडी फेजइतकी असेल तरी तिच्यात फेजच्या तारेच्या सव्वादोन पट उष्णता निर्माण होते. जुन्या पद्धतीप्रमाणे निम्म्या छेदाची न्यूट्रल टाकली असेल तर साडेचार पट. त्यात न्यूट्रलवर बहुधा फ्यूज किंवा ब्रेकर नसतो, त्यामुळे ही तार तापत राहते आणि संरक्षण यंत्रणेला त्याचा पत्ता नसतो. यापेक्षा वाईट स्थितीही संभवते. तिन्ही फेजचे झटके इतके अरुंद असतील की वेळेत ते एकमेकांवर येतच नाहीत, तर न्यूट्रलला प्रत्येक झटका पूर्णपणे वाहावा लागतो आणि तिचा प्रवाह फेजच्या १.७३ पट होतो. रेक्टिफायरच्या भारासाठी हीच कमाल मर्यादा आहे.

आता भाराच्या वाटणीबद्दल. समजा, तुमच्या इमारतीत हार्मोनिक्स नसते आणि तिन्ही फेजमध्ये एकक पॉवर फॅक्टरचे (व्होल्टेजच्या कलेतच असलेले) ३०, २० आणि १० अँपिअर असते, तर इतक्या ढोबळ असमतोलानेही न्यूट्रलमध्ये १७.३ अँपिअरच आले असते. हे १७.३ आणि वरचे ३६ एकाच तारेत आले, तरी त्यांची सरळ बेरीज होत नाही. एक ५० हर्ट्झचा आणि दुसरा १५० हर्ट्झचा असल्यामुळे वर्गांची बेरीज करावी लागते आणि उत्तर ४० येते. अशा ठिकाणी आठवडाभर खपून भाराची फेरवाटणी केली तरी ४० चे ३६ होतील, एवढाच लाभ. म्हणून न्यूट्रल तापली की आधी तिच्यातल्या प्रवाहाची वारंवारिता पाहावी. ५० हर्ट्झचा प्रवाह प्रबळ असेल तर वाटणी सुधारावी. १५० हर्ट्झचा प्रबळ असेल तर न्यूट्रलचा छेद वाढवणे, भाराजवळ झिगझॅग ट्रान्सफॉर्मर बसवून तिसऱ्याला जवळची वाट देणे, किंवा आतूनच पॉवर फॅक्टर सुधारलेली उपकरणे घेणे हेच उपाय उरतात. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिसऱ्या हार्मोनिकचे प्रमाण फेज प्रवाहाच्या ३३ टक्क्यांपुढे गेले की केबलची निवड न्यूट्रलच्या प्रवाहावरून करायची असते. तुमच्याकडे ते ५० टक्के आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. असमतोल प्रवाहांचे धन, ऋण आणि शून्य क्रमांत विभाजन करण्याची गणिते मी सोडवू शकते. पण ही विभागणी कागदावरची सोय आहे की त्या घटकांना खरोखर काही अस्तित्व आहे?

उत्तर : या पद्धतीचा उगमच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चार्ल्स फोर्टेस्क्यू १९१३ च्या सुमारास असमतोल पुरवठ्यावर चालणाऱ्या इंडक्शन मोटरचे गणित मांडत होते. त्यांना आढळले की अशी मोटर दोन समतोल पुरवठ्यांवर एकाच वेळी चालत असल्यासारखी वागते. एक पुरवठा तिला पुढे फिरवतो, दुसरा उलट. १९१८ साली त्यांनी हे सर्वसाधारण रूपात मांडले : कोणत्याही तीन असमतोल सदिशांचे तीन समतोल संचांत विभाजन करता येते. धन क्रमाचा संच मूळ फिरण्याच्या दिशेचा, ऋण क्रमाचा उलट दिशेचा, आणि शून्य क्रमाचा संच तिन्ही फेजमध्ये एकसारखा, म्हणजे ज्याला दिशाच नाही. मोटरला हा फरक प्रत्यक्ष जाणवतो, डेल्टा (तीन गुंडाळ्यांच्या त्रिकोणी) जोडणीलाही जाणवतो. शून्य क्रमाच्या प्रवाहाला न्यूट्रल किंवा जमिनीची वाट लागते. ती नसेल तर तो वाहूच शकत नाही. तेव्हा हे घटक कागदापुरते नाहीत.

याला आता हार्मोनिक्सची जोड द्या. तिन्ही फेजचे तरंग हुबेहूब सारखे आणि एकमेकांपासून एक तृतीयांश आवर्तनाने सरकलेले असतील, तर पाचव्यासाठी १२० चे ६०० अंश होतात, म्हणजेच २४०; क्रम उलटला, म्हणून पाचवा ऋण. सातव्यासाठी ८४०, म्हणजे पुन्हा १२०, सातवा धन. तिसरा, नववा, पंधरावा हे शून्य क्रमाचे. अकरावा ऋण, तेरावा धन, आणि पुढे हेच चक्र. बहुतेक विद्यार्थी हा तक्ता पाठ करतात आणि त्याच्या आधीचे ‘असतील तर’ विसरतात. ते विसरल्याने काय होते, हे पुढच्या पत्रात दिसेल.

प्रश्न : आमच्या पंपांवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे) ड्राइव्ह आहेत. पुरवठा तीन तारांचा, न्यूट्रल नाही. पॉवर अॅनालायझर लावला तर पाचव्या-सातव्याबरोबर तिसरा हार्मोनिकही ठळक दिसतो. तिसरा शून्य क्रमाचा असल्याने तीन तारांत तो असूच शकत नाही, सबब यंत्र दुरुस्तीला पाठवा, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. पाठवावे का?

उत्तर : पाठवू नये. आधी ड्राइव्हच्या टोकांवरची तिन्ही लाइन व्होल्टेज (दोन-दोन तारांमधली) मोजावीत. ती सारखी नसण्याची शक्यता मोठी आहे.

सहा पल्सच्या, म्हणजे एका आवर्तनात सहा झटके घेणाऱ्या, रेक्टिफायरमधून पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हेच हार्मोनिक निघतात, हे समतोल पुरवठ्यावरचे वर्णन आहे. ड्राइव्हच्या आतला कॅपॅसिटर ज्या वेळी ज्या दोन तारांमधले व्होल्टेज सर्वांत जास्त असेल त्या जोडीतून भरला जातो. समतोल स्थितीत प्रत्येक तारेतल्या प्रवाहाला अर्ध्या आवर्तनात दोन सारख्या उंचीची शिखरे दिसतात, कारण ती तार आळीपाळीने दोन जोड्यांत सहभागी होते. आता एका जोडीचे व्होल्टेज दोन-तीन टक्क्यांनी कमी झाले, की तिची पाळी येते तेव्हा कॅपॅसिटर आधीच जवळपास भरलेला असतो. तिचे शिखर खुजे होते, आणि भार हलका असेल तर पूर्ण नाहीसेही होते. त्या जोडीतल्या दोन तारांत मग एकेकच शिखर उरते आणि त्यांचा प्रवाह एकफेजी रेक्टिफायरसारखा दिसू लागतो. तिसरा हार्मोनिक तिथून येतो. व्होल्टेजमधला असमतोल दोन-तीन टक्क्यांचा असला तरी प्रवाहातला त्याच्या अनेक पट असतो, तेही याच कारणाने.

आता वरिष्ठांचा आक्षेप. तीन तारांत शून्य क्रमाचा प्रवाह असू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. चूक आहे ती ‘तिसरा म्हणजे शून्य क्रम’ या समीकरणात. समजा, पहिल्या तारेत तिसरा हार्मोनिक ६ अँपिअर आहे आणि उरलेल्या दोन तारांत त्याच्या नेमक्या विरुद्ध कलेत तीन-तीन अँपिअर आहेत. बेरीज शून्य, म्हणजे शून्य क्रम नाही. फोर्टेस्क्यूच्या सूत्रांत हे आकडे घातले तर ३ अँपिअर धन क्रम आणि ३ अँपिअर ऋण क्रम निघतो. हा तिसरा हार्मोनिक डेल्टाच्या गुंडाळीत अडकून राहत नाही. तो ट्रान्सफॉर्मर ओलांडून वरच्या व्होल्टेजच्या बाजूलाही जातो. ‘डेल्टा आहे, तिसऱ्याची चिंता नको’ हा दिलासाही तेवढ्याच अटीवर खरा होता.

यावरून विश्लेषणाची योग्य रीत ठरते. आधी प्रत्येक फेजचे हार्मोनिक्स वेगळे करावेत, आणि मग प्रत्येक हार्मोनिकच्या तीन सदिशांचे स्वतंत्रपणे धन, ऋण आणि शून्य क्रमांत विभाजन करावे. असमतोल असेल तर प्रत्येक हार्मोनिकमध्ये एकापेक्षा जास्त क्रम सापडतात आणि त्यांचे परस्पर प्रमाणच कारणाकडे बोट दाखवते. तुमच्या बाबतीत पुरवठ्यातला असमतोल दूर करणे हा मूळ उपाय. तो हाताबाहेर असेल तर ड्राइव्हच्या आधी सुमारे तीन टक्क्यांचा लाइन रिअॅक्टर (तारेत जोडायची गुंडाळी) बसवल्याने ड्राइव्हची असमतोलाविषयीची संवेदनशीलता बरीच उतरते.

प्रश्न : आमच्याकडे तिन्ही फेजच्या टीएचडीचे (मूळ घटकाच्या तुलनेत एकूण हार्मोनिक्सच्या टक्केवारीचे) आकडे दर पंधरा मिनिटांनी साठवले जातात. वरील विश्लेषणाला ते पुरतील का?

उत्तर : नाही. टीएचडीमध्ये कोन नसतो, आणि कोनाशिवाय क्रम काढता येत नाही. प्रत्येक हार्मोनिकचे मान आणि कोन, दोन्ही एकाच वेळी, तिन्ही फेजवर नोंदवले गेले पाहिजेत. आयईसी ६१०००-४-७ नुसार ५० हर्ट्झच्या प्रणालीत दहा आवर्तनांची, म्हणजे २०० मिलिसेकंदांची खिडकी घेतात. त्यामुळे ५ हर्ट्झचे विभेदन मिळते. खिडकीत पूर्ण आवर्तने बसली नाहीत तर एका हार्मोनिकची ऊर्जा शेजारच्या वारंवारितांत सांडते आणि नसलेले घटक दिसू लागतात. रात्रीच्या हलक्या भारावरचा ८० टक्के टीएचडी पाहून घाबरू नये. तो लहान प्रवाहाचा मोठा टक्का असतो. प्रवाहाची तुलना कमाल मागणीच्या प्रवाहाशी करणारा टीडीडी त्यासाठीच आहे.

क्लॅम्प मीटर ‘ट्रू आरएमएस’ जातीचा हवा. सरासरी मोजून तिला १.११ ने गुणणारा स्वस्त मीटर टोकदार प्रवाह चांगलाच कमी दाखवतो. सर्वांत जास्त गोंधळ मात्र सीटी (प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटा लावल्याने होतो. पूर्ण समतोल प्रवाहातही एक सीटी उलटा असेल, तर धन क्रम एक तृतीयांशावर येतो आणि ऋण व शून्य क्रम प्रत्येकी दोन तृतीयांश होतात, म्हणजे असमतोल (ऋण भागिले धन) २०० टक्के! तीन तारांच्या प्रणालीत याची तपासणी सोपी आहे : तिन्ही प्रवाहांची कोणत्याही क्षणी बेरीज शून्य आली पाहिजे. ती येत नसेल तर आधी सीटी पाहावेत, निष्कर्ष नंतर.

प्रश्न : मोटरच्या टोकांवर लाइन व्होल्टेज ४१५, ४०० आणि ३८५ आहे. एका तंत्रज्ञाने असमतोल ३.७५ टक्के सांगितला, दुसऱ्याने ४.३ टक्के. कोणाचे खरे, आणि मोटरला याने काय होते?

उत्तर : दोघांचेही गणित बरोबर आहे, व्याख्या वेगळ्या आहेत. पहिल्याने नेमाची (अमेरिकेतील विद्युत उत्पादकांच्या संघटनेची) रीत वापरली : सरासरी ४००, तिच्यापासूनचे सर्वांत मोठे अंतर १५, म्हणून ३.७५ टक्के. दुसऱ्याने ऋण क्रमाच्या व्होल्टेजला धन क्रमाच्या व्होल्टेजने भागले. मोटरला काय सोसावे लागते, ते दुसरा आकडा अधिक नेमके सांगतो. युरोपातील ईएन ५०१६० या मानकात दहा मिनिटांच्या सरासरींपैकी आठवड्यातल्या ९५ टक्के नोंदी २ टक्क्यांच्या आत असाव्यात अशी अट आहे, ती याच व्याख्येने. फेज ते न्यूट्रल व्होल्टेजवरून मोटरचा असमतोल काढू नये, कारण त्यांत शून्य क्रम मिसळलेला असतो आणि तीन तारांवरच्या मोटरपर्यंत तो पोहोचत नाही.

ऋण क्रमाचे क्षेत्र उलट दिशेने फिरते, त्यामुळे रोटरच्या दृष्टीने त्याची स्लिप (क्षेत्र आणि रोटर यांच्या वेगांतला सापेक्ष फरक) जवळजवळ २ असते. या स्थितीत मोटरचा अवरोध सुरू होतानाच्या अवरोधाइतकाच, म्हणजे फार थोडा असतो. म्हणून व्होल्टेजमधल्या एक टक्का असमतोलामागे पूर्ण भारावर प्रवाहात सहा ते दहा टक्के असमतोल येतो, आणि रोटरमध्ये सुमारे १०० हर्ट्झचे प्रवाह निर्माण होऊन ते दांड्यांच्या पृष्ठभागालगत दाटतात. स्थूल नियम असा की तापमानवाढीतली टक्केवारीची भर असमतोलाच्या टक्केवारीच्या वर्गाच्या दुप्पट धरावी, ३.७५ ला ती सुमारे २८ टक्के होते. नेमाच्या शिफारशीप्रमाणे एक टक्क्याच्या पुढे मोटरची क्षमता कमी धरायची असते आणि पाच टक्क्यांच्या पुढे ती चालवूच नये.

हार्मोनिक्सही इथे येऊन मिळतात. पाचवा उलट आणि सातवा सुलट फिरत असल्याने दोघेही मुख्य क्षेत्राच्या तुलनेत सहापट वारंवारितेचे दिसतात आणि ३०० हर्ट्झचे बलस्पंदन देतात. मूळ व्होल्टेजच्या असमतोलाचे स्पंदन १०० हर्ट्झवर येते. पाचवाही असमतोल होऊन त्यात धन घटक आला तर २०० हर्ट्झवर आणखी एक रेघ उमटते. कंपनाच्या आलेखात १०० हर्ट्झ दिसण्याला हवेच्या फटीतला विषमपणा असेही कारण असते, म्हणून केवळ त्यावरून निदान करू नये. २०० ची रेघही सोबत असेल तर विद्युत बाजूचा संशय बळावतो.

प्रश्न : ५०० केव्हीए, ५ टक्के इम्पिडन्सच्या ट्रान्सफॉर्मरवर आम्ही २०० केव्हीएआरचे कॅपॅसिटर लावले आणि व्होल्टेजमधला सातवा हार्मोनिक एकदम वाढला. आता ७ टक्क्यांचे रिअॅक्टर लावण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : सातव्यापुरता सल्ला ठीक आहे. तुमच्या ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट क्षमता १०,००० केव्हीए. तिला २०० ने भागून वर्गमूळ काढले की ७.०७ येते. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर यांचा अनुनाद (रेझोनन्स, म्हणजे एका वारंवारितेवर होणारी तीव्र वाढ) जवळजवळ सातव्यावरच बसला आहे. ७ टक्के रिअॅक्टरमुळे कॅपॅसिटरची शाखा १८९ हर्ट्झला जुळते आणि ट्रान्सफॉर्मरसह होणारा अनुनाद १६७ हर्ट्झच्या आसपास सरकतो. पाचवा आणि सातवा तिथून दूर राहतात.

पण १६७ च्या शेजारी १५० आहे. नेहमीचे उत्तर असे की कॅपॅसिटर डेल्टात असतात, तिसरा शून्य क्रमाचा, सबब तो त्यांना दिसतच नाही. तुमच्याकडे असमतोल व्होल्टेजवर ड्राइव्ह चालत असतील तर वर पाहिल्याप्रमाणे तिसऱ्याचे धन आणि ऋण घटक हजर असतात आणि त्यांना डेल्टातला कॅपॅसिटर अगदी नीट दिसतो. उद्या कॅपॅसिटरची बँक (संच) वाढवून ४०० केव्हीएआर केलीत तर हाच अनुनाद १५१ हर्ट्झवर येऊन बसेल. तेव्हा रिअॅक्टर मागवण्यापूर्वी तिसऱ्या हार्मोनिकचे क्रमवार मोजमाप करून घ्यावे. तिसरा जवळजवळ सगळा शून्य क्रमाचा निघाला तर ७ टक्के पुरेसे आहेत. धन-ऋण घटक लक्षणीय असतील तर १४ टक्के घ्यावेत. मग शाखा १३४ हर्ट्झला जुळते आणि अनुनाद १२५ हर्ट्झवर, तिसऱ्याच्या खाली जातो. मात्र रिअॅक्टरमुळे कॅपॅसिटरवरचे व्होल्टेज चढते : ४०० व्होल्टच्या प्रणालीत ७ टक्क्यांना ४३० आणि १४ टक्क्यांना ४६५ व्होल्ट, आणि हार्मोनिक्सचे व्होल्टेज त्याहून वेगळे. सध्याचे ४४० व्होल्टचे कॅपॅसिटर असतील तर १४ टक्के रिअॅक्टरसोबत ते बदलावे लागतील. बँकेतला एखाद्या फेजचा फ्यूज उडाला आहे का, हेही मोजमापाआधी पाहून घ्यावे, कारण तशी बँक स्वतःच असमतोल असते आणि मग सगळे आकडे पुन्हा घ्यावे लागतात.